माझ्या मायचं दूध विषारी नव्हतं

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा झाला, मग नुसताच आळस. पण गेल्या महिन्यात जळगावला आमच्या घरी जे झालं, त्यावर लिहिल्याशिवाय चैन पडेना. आमच्या घरातली निम्मी मंडळी हे पान वाचतात, मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठीच लिहितेय म्हणा ना.

भाच्याच्या मुलीचं उष्टावण होतं. सात महिन्यांची गोड पोर. पाटाभोवती रांगोळी, खीर, माणसांची गर्दी, सगळं छान चाललेलं. सूनबाईच्या माहेरून भेट आली. मखमली खोक्यात पितळेचा लखलखीत संच. वाटी, चमचा, पेला आणि दूध तापवायला एक छोटंसं पातेलं. सोबत कार्ड. त्यावर पूर्वजांचा वारसा, बाळाचं पचन, नैसर्गिक धातू, असलं बरंच काही छापलेलं. मी पातेलं हातात घेतलं, आत बोट फिरवून पाहिलं. कल्हई नाही. आतूनही बाहेरच्यासारखंच पिवळंधमक. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे शोभेला ठेवा, पोरीचं दूध यात तापवायचं नाही."

झालं! एकदम शांतता. वहिनींचा चेहरा उतरला. कुणीतरी हसत म्हणालं, "आत्या, आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर पितळेतच दूध तापवलं ना? त्यांना काय झालं?"

मी गप्प बसले. उत्तर नव्हतं म्हणून नाही. उष्टावणाच्या पाटाशी ते उत्तर देणं बरं दिसलं नसतं. आता देते.

आमचं गाव बोरी नदीच्या काठचं, अमळनेरपासून फार लांब नाही. घर खाऊनपिऊन सुखी, गोठ्यात दोन गाई. मी थोरली. माझ्यानंतर १९५७ साली भाऊ झाला. घरात केवढा आनंद! बारशाला आजीने अख्ख्या गल्लीला घुगऱ्या वाटल्या. माय शेतात जायची, त्यामुळे तिसऱ्या महिन्यापासूनच त्याला वरचं दूध सुरू झालं. घरचं, गाईचं, धारोष्ण. ते तापायचं मायच्या आंदणात आलेल्या पितळी पातेल्यात. सकाळी तापवायचं आणि दिवसभर गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ठेवून द्यायचं, म्हणजे नासत नाही. लागेल तसं वाटीने काढून, थोडं पाणी घालून बोंडल्याने पाजायचं.

कल्हईवाला वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी यायचा. भाता लावायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर व्हायचा आणि पातेलं आतून चांदीसारखं निघायचं. आम्ही पोरं तोंड उघडं टाकून बघत बसायचो. पण माय रोज ते पातेलं चिंचेनं आणि राखेनं घासायची. संक्रांतीपर्यंत कल्हईचे पोपडे जाऊन आतलं पिवळं दिसायला लागायचं. आजीला त्याचा अभिमान. "भांडं कसं सोन्यासारखं ठेवते माझी सून!" हे कौतुक मी स्वतः ऐकलेलं आहे.

भाऊ दहा महिन्यांचा झाला आणि किरकिर करू लागला. अंग कोमट, पोट टम्म. वैद्यबुवांनी पोट दाबून पाहिलं, म्हणाले यकृत दगडासारखं लागतंय. कुणी पानथरी म्हटलं. पोटावर बिब्ब्याचे डाग दिले. आणि मग गल्लीतल्या शहाण्या बायकांनी निदान केलं, आईचं दूधच बाधतंय. मायचं दूध वाटीत काढून त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली. (मुंगी पाण्यात सोडली तरी मरते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.) आजी म्हणाली, "तुन्हा दूधमाच दोष शे." त्या दिवसापासून मायचं दूध तोडलं. पोराला फक्त गाईचं, त्या पातेल्यातलं.

पुढे डोळे पिवळे झाले, पावलं सुजली. सव्वा वर्षाचा असताना, १९५८ मध्ये, तो गेला.

१९६० मध्ये बहीण झाली. या वेळी कुणी वाटच पाहिली नाही. मायचं दूध विषारी हे ठरलेलंच होतं, म्हणून पहिल्या महिन्यापासून वरचं दूध. ती १९६२ मध्ये गेली. तस्संच पोट, तस्सेच पिवळे डोळे. मग गावात बोलायला मोकळीक मिळाली. पोरं खाणारी बाई. मायला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावणं बंद झालं. कुणाच्या बाळंतिणीकडे ती गेली, की तिथली बाई बाळाला आत घेऊन जायची. मी तेव्हा बारा वर्षांची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिसऱ्या खेपेला १९६४ मध्ये माय साक्रीकडे माहेरी गेली, ती परत यायलाच तयार होईना. तिथे गरिबी. पितळ केव्हाच मोडीत गेलेलं, घरात एक जर्मनचं पातेलं आणि मातीची मडकी. गाय नाही, एक शेळी. माझी तिकडची आजी म्हणाली, "पाज तुन्हं दूध, देखूत काय व्हस ते." मायने पाजलं, दोन वर्षं पाजलं. तो भाऊ आज साठीच्या पुढचा आहे, रोज सकाळी मेहरुण तलावावर फिरायला जातो आणि परवा उष्टावणाच्या पाटावर नातीला मांडीवर घेऊन बसला होता.

आता दुसरी गोष्ट. मी धुळ्याला शाळेत शिकवत होते. १९९१ साल असेल. एका विद्यार्थ्याचे वडील बालरोगतज्ज्ञ होते. पालकसभेनंतर चहा घेताना विषय निघाला आणि मी कधी नव्हे ते या दोन भावंडांचं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"बाई, दूध कशात तापवायचे?"

तेहतीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मायला काय काय विचारलं होतं! गरोदरपणी काय खाल्लंस, ग्रहणात काय चिरलंस, कुणाचा नवस फेडायचा राहिला. पातेल्याला कुणी काही विचारलंच नाही.

त्यांनी मला सांगितलं ते असं. या आजाराला डॉक्टर इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस म्हणतात. साधारण सहा महिने ते चार-पाच वर्षांच्या मुलांना होणारा, यकृत निबर करून टाकणारा आजार. १८८७ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं त्याचं कारण सापडत नव्हतं. एका घरात दोन-दोन, तीन-तीन मुलं जायची, म्हणून आनुवंशिक म्हणायचे. विषाणू म्हणायचे, बुरशी लागलेलं धान्य म्हणायचे. मात्र अगदी दरिद्री घरात तो कमी दिसायचा आणि खाऊनपिऊन बऱ्या घरात जास्त, हे कोडं होतं.

हे कोडं सोडवलं कुणी? लंडनमध्ये नाही, पुण्यात. रास्ता पेठेतल्या के.ई.एम. हॉस्पिटलमधले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे, आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडमधल्या लेस्टरचे डॉ. स्टुअर्ट टॅनर. या मुलांच्या यकृतात तांबं साठलेलं होतं, तेही थोडंथोडकं नाही, प्रचंड. मग ते आलं कुठून? १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला, की तांबं-पितळेच्या भांड्यात तापवलेलं आणि ठेवलेलं जनावराचं दूध लवकर सुरू करणं हे याचं कारण असू शकतं. पुढे त्यांनी आजारी मुलांच्या आया आणि तशाच वयाच्या, तशाच वस्तीतल्या निरोगी मुलांच्या आया यांना समोरासमोर बसवल्यासारखं करून विचारलं. अंगावर किती दिवस पाजलं, वरचं दूध कधी दिलं, भांडं कुठलं. १९८७ मध्ये ते छापून आलं. आजारी मुलांच्या घरात वरचं दूध लवकर आलेलं होतं आणि भांडं पितळेचं होतं.

मला या संशोधनाचं सगळ्यात काय आवडतं सांगू? कुणीतरी आईला गुन्हेगार न समजता साक्षीदार समजून विचारलं. तिला तिच्या स्वयंपाकघराबद्दल विचारलं. यंत्रंबिंत्रं सगळी नंतर आली.

मी प्रताप कॉलेजची बी.ए., तीही मराठी माध्यमातली. माझं इंग्रजी बेताचं. पण निवृत्त झाल्यावर नात्यातल्या एका मेडिकलच्या मुलीला शेजारी बसवून मी हे निबंध शब्द शब्द लावून समजून घेतले. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पितळेच्या भांड्यात पाणी ठेवलं तर त्यात तांबं फारसं उतरत नाही. दुधाचं तसं नाही. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे दूध तापवून तासन् तास ठेवलं की ते भांड्यातून तांबं ओढत राहतं. टॅनर यांनी एका सहकाऱ्याबरोबर हे प्रयोगशाळेत तपासून १९८९ मध्ये प्रसिद्धही केलं. मोठ्या माणसाच्या शरीरातून जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर पडतं. तान्ह्या बाळाचं यकृत त्या कामाला अजून तयार नसतं आणि जन्मतःच त्यात तांब्याचा साठा मोठ्यांपेक्षा जास्त असतो. त्यात दिवसातून पाच-सहा वेळा पितळेतलं दूध. आमच्या निखाऱ्यावरच्या पातेल्याची आठवण होते की नाही?

त्याच लोकांनी पेनिसिलामाइन हे औषध या मुलांना देऊन पाहिलं. ते शरीरातलं तांबं लघवीवाटे बाहेर काढतं. सगळी मुलं वाचली नाहीत, पण आधी ज्यांची आशाच सोडायची त्यांतली काही वाचली. आणि घरोघरी भांडं बदलायला सांगितलं. नव्वदच्या दशकात हा आजार इतका कमी झाला, की आजच्या तरुण डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात पाहिलेला असतो.

ऑस्ट्रियात पश्चिम टिरोल भागात अगदी असंच होतं. तिथे गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापवून बाळांना देत. १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही मुलं अशाच आजाराने गेली. भांडी बदलली आणि आजार गेला. हे १९९६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आलं. तेव्हा हे फक्त आपलं, हिंदू-मराठी-भारतीय वगैरे काही नाही, कुणाला उगीच अपमान वाटायला नको.

आता परवाच्या प्रश्नाकडे येते. आज्या-पणज्यांना काय झालं?

अहो, ज्यांना झालं ते सांगायला उरले आहेत का? ज्याची पणजी नव्वद वर्षं जगली तो म्हणतो, पितळेनं काय झालं! माझ्या भावाला पणतू नाही, नातू नाही, त्याचा फोटोसुद्धा नाही. तो कुठल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन सांगणार? जुन्या घरांत बाईला 'किती मुलं' विचारलं की ती 'झाली आठ, जगली पाच' असं सांगायची. त्या तिघांचा हिशेब आपण कधी मागितला का?

आणि पूर्वज पूर्वज काय करता? ते तुमच्यापेक्षा शहाणे होते. ताक, कढी, चिंचेचं सार पितळेत ठेवायचं नाही, कळकतं, हे माझ्या अडाणी आजीला पाठ होतं. कल्हई लावायची पद्धत तिनं काय नटण्यासाठी ठेवली होती? परंपरा घ्यायची तर सगळी घ्या, कल्हईसकट घ्या. तुम्ही परंपरेतली चकाकी तेवढी उचलली आणि अक्कल तिथेच ठेवली. परवा जळगावच्या बाजारात मी दुकानदाराला विचारलं, याला कल्हई कुठे करून मिळेल? तो म्हणाला, "आजी, आता कोण करतं कल्हई? असंच वापरा, उलट धातू पोटात जातो तेच चांगलं." धातू पोटात जातो तेच चांगलं! काय बोलणार?

दुसरा आक्षेप जरा बरा आहे. भाचा शिकलेला आहे, त्याने रात्री विचारला. "आत्या, सगळ्या घरांत पितळ होतं, मग सगळी मुलं का नाही गेली?" अगदी बरोबर. टिरोलमध्येही हेच दिसलं, की काही घराण्यांत तांबं बाहेर टाकण्याची शक्ती जन्मतः कमी असावी आणि वरून भांड्यातलं तांबं, अशा दोन्ही गोष्टी जुळल्यावर आजार होतो. आपल्याकडच्या काही ज्येष्ठ विकृतिशास्त्रज्ञांना तर तांब्याचं कारणच मान्य नव्हतं, तांबं साठणं हा आजाराचा परिणाम आहे असं त्यांचं म्हणणं. मी काही डॉक्टर नाही, हा वाद मिटवायला. माझ्या भावंडांच्या यकृताचा तुकडा कुणी तपासला नाही, त्यामुळे त्यांना हाच आजार होता असं मी कोर्टात सिद्ध करू शकत नाही. साक्रीच्या जर्मनच्या पातेल्याने भाऊ वाचला हेही नाही. पण बाबा रे, दोष रक्तात असेल तर तो आपल्याच रक्तात आहे ना? दोन मुलं गेली ती आपल्याच घरातली. मग निदान आपल्या घरात तरी हा प्रयोग पुन्हा कशाला? रक्त बदलता येत नाही, पातेलं बदलायला शंभर-दोनशे रुपये लागतात.

तांब्याच्या लोट्यातल्या पाण्याबद्दल माझं भांडण नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर उद्या आमचे मेहुणे तांब्या घेऊन भांडायला येतील. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलंय, की रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मरतात आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत राहतं. ती मर्यादा लिटरला दोन मिलिग्रॅम. मोठ्यांनी खुशाल प्यावं. पण पाणी वेगळं, दूध वेगळं. मोठा माणूस वेगळा आणि सात महिन्यांचं बाळ वेगळं. एवढा फरक करायला बी.ए.सुद्धा व्हावं लागत नाही.

राग कशाचा येतो सांगू? मी बत्तीस वर्षं शिकवलं. देवीच्या लसीची गोष्ट, जेन्नर आणि गवळणीची, मी दरवर्षी मुलांना रंगवून सांगितली. पुण्याच्या पातेल्याची गोष्ट मी शिकवलेल्या एकाही पुस्तकात नव्हती. आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या भाषेतल्या आयांशी बोलून लावलेला शोध, आणि तो विसरायला आपल्याला चाळीस वर्षंसुद्धा लागली नाहीत. मखमली खोक्यात घालून तेच पातेलं परत घरात आलं, आणि वर कार्डावर छापलंय की बाळाच्या पचनाला चांगलं.

खरं तर आम्हाला वाचवलं ते स्टीलने, असा माझा अंदाज आहे. सत्तरच्या दशकात दारावर बोहारीण यायची, जुन्या साड्यांवर स्टीलची भांडी द्यायची. बायकांनी पितळ मोडीत काढलं ते घासायचा कंटाळा म्हणून आणि शेजारणीकडे स्टील आलं म्हणून. पुण्याचा निबंध कुणी वाचला होता! तेव्हा बापेमाणसं म्हणायची, बायकांना काय, फॅशन हवी.

मायची गोष्ट राहिली. ती १९८८ मध्ये गेली. मला डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला त्याच्या तीन वर्षं आधी. शेवटच्या आजारपणात ती मला म्हणाली होती, "तुला मी नऊ महिनेच पाजलं, म्हणून तू वाचलीस." म्हातारी त्यातच समाधान मानत होती, की एका पोरीला तिनं आपल्या दुधापासून वेळेवर सोडवलं. मी काही बोलले नाही, कारण तेव्हा मलाही तेच खरं वाटत होतं.

असो. सूनबाई, तू पोरीला अंगावर पाजतेस ते वर्षा-दोन वर्षांची होईपर्यंत चालू ठेव, सोबत वरण-भात, नाचणीची पेज, मऊ केळं सगळं दे. जळगावात केळ्याला काय तोटा? कुणी काही म्हटलं तर माझं नाव सांग. आणि वहिनी, राग गेला असेल तर फोन करा. पितळेचा पेला आणि वाटी देवघरात छान दिसतील. दुधासाठी स्टीलचं पातेलं घेतलंय, जाड बुडाचं, झाकणासकट. रविवारी शेजारचा मुलगा जळगावला येणार आहे, त्याच्याबरोबर पाठवते.